हिरोशिमा, नागासाकी आणि तारखांची साक्ष

अणुबाँबमुळे युद्ध संपले व लाखो सैनिकांचे प्राण वाचले, असे समर्थन अमेरिकी राज्यकर्ते १९४५ पासून करीत आले. तारखा मात्र निराळी साक्ष देतात. क्यूशू बेटावरील नियोजित चढाई १ नोव्हेंबरपूर्वी व्हायचीच नव्हती. मग ऑगस्टमध्ये एवढी घाई कशासाठी? जर्मनीच्या शरणागतीनंतर दोन-तीन महिन्यांत जपानविरुद्ध उतरण्याचे वचन सोव्हिएत युनियनने याल्टा येथे दिले होते, आणि ८ ऑगस्टला त्याने युद्ध पुकारले. हिरोशिमावर बाँब पडला ६ ऑगस्टला. नागासाकीवर ९ ऑगस्टला, टोकियोत शरणागतीच्या अटींवर खल चालू असतानाच! बाँब पडले नसते आणि सोव्हिएत युनियन युद्धात उतरले नसते, तरीही जपान वर्षअखेरीपूर्वी शरण आला असता, असा निष्कर्ष खुद्द अमेरिकी सरकारच्या बाँबहल्लाविषयक पाहणीने १९४६ मध्ये काढला.

जपानी लष्करशाहीने चीन-कोरियात केलेले अत्याचार कोणीही विसरू नये. पण त्यांची शिक्षा भोगली कोणी? हिरोशिमात जळालेल्यांत हजारो कोरियन होते, सक्तीने कामाला जुंपलेले मजूरही त्यांत होते. सम्राटाचे सिंहासन मात्र शाबूत राहिले.