नाशिकचे खासदार, देशाचे परराष्ट्रमंत्री



१९६३ साली नाशिक लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली, पण मतदानाची वेळच आली नाही. यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नव्हती. सहाच वर्षांपूर्वी, १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच नाशिकने काँग्रेसला बाजूला सारून दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवलं होतं. त्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव होते आणि लोकांचा रोष त्यांच्यावरच होता.

मधल्या काळात महाराष्ट्र राज्य झालं, आणि १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केलं. पंडित नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा घरोघरी म्हटलं जायचं. नाशिककरांनीही जुना राग मनात ठेवला नाही.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. वडील लवकर गेले. आई विठाईंनी कष्टाने मुलांना वाढवलं. कऱ्हाडच्या शाळेत असतानाच ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगात गेले, बेचाळीसला भूमिगत झाले. परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याची वाट त्यांची नव्हती. त्यांची मुत्सद्देगिरी घडली ती लोकांत, आणि पुढे खचलेलं सैन्य पुन्हा उभं करताना.

सप्टेंबर १९६३ मध्ये चीन युद्धातल्या पराभवाच्या चौकशीबद्दल त्यांनी संसदेत निवेदन केलं. कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यापेक्षा प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि नेतृत्व यांत कुठे उणं पडलं, हे शोधण्यावर त्यांचा भर होता. १९६४ मध्ये ते शस्त्रास्त्रांच्या वाटाघाटींसाठी आधी अमेरिकेला आणि मग सोव्हिएत रशियाला गेले. त्याच वर्षी नाशिकजवळच्या ओझरला मिग विमानांच्या कारखान्याची सुरुवात झाली. देशाचा संरक्षणमंत्री तेव्हा नाशिकचाच खासदार होता.

१ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानी रणगाडे जम्मूच्या छांब भागात घुसले होते. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांच्या दालनात आले. हवाई दल वापरायची परवानगी हवी होती. १९६२ च्या युद्धात आपण लढाऊ विमानं वापरली नव्हती, त्यामुळे हा निर्णय फार मोठा होता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. त्याच संध्याकाळी आपली विमानं छांबवर पोचली. चार महिन्यांनी, पाकिस्तानशी वाटाघाटींसाठी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींबरोबर तेही ताश्कंदला होते. लढाईचा हुकूम देणारा माणूस समझोत्याच्या वेळीही हजर होता, आणि त्याच मुक्कामात पंतप्रधानांच्या मृत्यूचं दुःखही त्याने सोसलं.

पुढे गृह आणि अर्थ ही खाती सांभाळून ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. बांगलादेश युद्धापासून अमेरिकेशी संबंध बिघडलेले होते. त्याच महिन्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर दिल्लीला आले आणि भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर दोघांनी सह्या केल्या. एप्रिल १९७६ मध्ये यशवंतरावांनी लोकसभेत जाहीर केलं की, भारत चीनमध्ये पुन्हा राजदूत पाठवणार. पंधरा वर्षं ती जागा रिकामी होती. के. आर. नारायणन पेकिंगला गेले. त्याच वर्षी पाकिस्तानशीही राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले आणि जुलैमध्ये दोन्ही देशांना जोडणारी समझोता एक्सप्रेस ही रेल्वे धावू लागली.

धोरण इंदिरा गांधींच्या सरकारचं होतं, श्रेय एकट्याचं नाही. तो काळ आणीबाणीचा होता आणि यशवंतराव त्या मंत्रिमंडळात राहिले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ती टीकाही इतिहासाचा भाग आहे. तरीही मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या दोन शेजाऱ्यांमुळे त्यांना संरक्षण खात्यात रात्री जागून काढाव्या लागल्या, त्याच दोघांशी बोलणं पुन्हा सुरू झालं तेव्हा परराष्ट्र खातं त्यांच्याकडे होतं. त्यांनी कटुतेला धोरणात थारा दिला नाही. युद्धाची किंमत ज्याला ठाऊक असते, त्याला संवादाची किंमतही कळते.

२५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. १९८९ मध्ये नाशिकला त्यांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. नोकरी, शेती, संसार सांभाळून हजारो जण तिथे पदवी घेतात. माझी त्यांना विनंती आहे : गुणपत्रिकेवर ज्यांचं नाव छापलेलं असतं, त्यांचं ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र एकदा वाचा, त्यांची संसदेतली भाषणं शोधून वाचा. भांडण झालेल्या शेजाऱ्याशी स्वाभिमान न सोडता पुन्हा बोलायला कसं लागायचं, हे आजही आपल्याला शिकायचं आहे, आणि यशवंतरावांकडून ते शिकता येतं.