इंजिन धुवायचं नसतं, पुसायचं असतं

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपल्या अनुभवातली एक उपयोगाची गोष्ट सांगायची, असं कमिटीने ठरवलं. सौ. म्हणाली, "बँकेचं काही सांगू नका, लोक उठून जातील." म्हणून मी गाडीचं सांगणार आहे. बॉनेटखालची सफाई घरच्या घरी कशी करावी, हा माझा विषय. मी मेकॅनिक नाही. पण गेली वीस-बावीस वर्षं हे काम मी स्वतः करतो, आणि पहिल्या वेळी ते इतकं वाईट केलं होतं की ती रात्र अजून विसरलेलो नाही.

सोसायटी होऊन चार-पाच वर्षं झाली होती. पार्किंगमध्ये तेव्हा मोजून चार गाड्या. त्यातली एक माझी, बँकेच्या स्टाफ लोनवर घेतलेली मारुती ८००, कार्बोरेटरवाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाटलं, गाडी बाहेरून चकाचक आणि आत काजळी, हे काही बरं नाही. रॉकेलमध्ये फडकं बुडवून इंजिन पुसलं आणि बागेचा पाइप लावून वरून खाली धो धो पाणी सोडलं. इंजिन लखलखलं. हार घालून ठेवला. पूजा सकाळी, तोवर गाडी हलवायची नाही, म्हणून चालूही करून पाहिली नाही.

रात्री दोनच्या सुमाराला दार वाजलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. मास्तरांच्या छातीत दुखत होतं, दरदरून घाम आला होता. १०८ ची रुग्णवाहिका तेव्हा नव्हती, ती आपल्याकडे २०१४ साली आली. मी किल्ली घेऊन धावलो. स्टार्टर फिरतोय, घर्र घर्र घर्र, पण इंजिन धरत नाही. चौघांनी मिळून गाडी गेटपर्यंत ढकलली. तरी नाही. मास्तर मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेले, आणि बॉनेटवर झेंडूचा हार! शेवटी वॉचमन चौकातून रिक्षा घेऊन आला. पंधरा मिनिटं गेली होती.

मास्तर वाचले. पुढे बरीच वर्षं ते आपल्यात होते. सकाळी फिरायला निघाले की मला हटकून विचारायचे, "काय साहेब, सुरू होते ना?" ते हसून विचारायचे, मीही हसायचो. पण दर वेळी पोटात गोळा यायचा.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत पाणी. त्याने कोरड्या फडक्याने पुसलं, किल्ली फिरवली, गाडी सुरू. दोन मिनिटांचं काम. मग तो म्हणाला, "काका, इंजिन धुवायचं नसतं, पुसायचं असतं." आज मला सांगायचंय ते एवढंच. बाकीचा तपशील आहे, पण तो महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट, इंजिन पूर्ण गार हवं. गाडी फिरवून आल्यावर निदान दोन तास थांबा. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, आणि आपला हात भाजतो तो वेगळाच.

दुसरी, बॅटरी. आधी निगेटिव्ह टोक सोडवायचं, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. नव्या गाड्यांत बॅटरी काढली की घड्याळ, म्युझिक सिस्टिम वगैरे पुन्हा लावावं लागतं, म्हणून आधी गाडीचं पुस्तक वाचा. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा.

तिसरी, झाकाझाक. दुधाच्या पिशव्या, पॉलिथीन, रबर बँड, जे घरात असेल ते. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल, एअर फिल्टरचं तोंड आणि नव्या गाडीत तो संगणकाचा डबा, हे सगळं बांधून टाका. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट आहे ना, ते बघा.

चौथी, आधी कोरडी सफाई. वाळकी पानं, धूळ, कबुतराची पिसं, उंदराने आणलेल्या चिंध्या हे सगळं ब्रशने काढा. अर्धं काम इथेच होतं.

मग डिग्रीझर. पाण्यात मिसळणारा घ्या. रॉकेल, पेट्रोल नको. ते पेट घेतं, आणि रबराचे पाइप नि बेल्ट त्याने खराब होतात. हातमोजे आणि चष्मा घाला, हे द्रावण कातडीला चांगलं नसतं. इंजिनवर सगळीकडे फवारू नका. जिथे तेलकट आहे तिथेच लावा, तीन-चार मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका. रंगाच्या जुन्या ब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिळा, पुन्हा पुसा. बेल्टवर थेंबही नको, नाहीतर तो घसरतो आणि किंचाळतो. पाइप नाही, प्रेशर जेट तर नाहीच. मला सगळ्या कामाला अर्धी बादली पाणी पुरतं.

शेवटी कोरड्या पंचाने टिपायचं, पिशव्या काढायच्या, बॉनेट तास-दोन तास उघडं ठेवायचं, मग बॅटरी जोडायची. आणि त्याच दिवशी गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची. मोकळ्यावर, बंद जागेत नाही, कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हे शेवटचं मी त्या दसऱ्याला केलं असतं, तर निदान संध्याकाळीच कळलं असतं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? बॉनेट उघडून बघतंय कोण?

इथे मात्र बँकेचं थोडं सांगावंच लागेल. (सौ.ची क्षमा मागून.) शाखेत दिवसाचा हिशोब बंद करताना एका रुपयाचा फरक आला तरी आम्ही रात्री आठ-नऊपर्यंत बसायचो. रुपयाचं काही नसायचं. पण तो कुठे गेला हे कळेपर्यंत आणखी काय गेलंय याची खात्री नसायची. इंजिनवरचा तेला-धुळीचा थर म्हणजे सस्पेन्स खातं. नवी गळती, जुनी गळती, सगळं त्यात जमा. थर काढला की प्रत्येक नवा डाग दिसतो.

एकदा नातवाला घेऊन ताम्हिणी घाटाने कोकणात जायचं होतं. आठवडाभर आधी इंजिन पुसून ठेवलं. दोन दिवसांनी बॉनेट उघडलं, तर पेट्रोलच्या रबरी पाइपाखाली बोटाएवढा ओला डाग, आणि वास. पाइपाला चीर गेली होती. घाणीत ती मला कधीच दिसली नसती. पाइप बदलायला शंभर-दीडशे रुपये लागले. तापलेलं इंजिन, घाटाचा चढ, मागे पोरगं, आणि पेट्रोल ठिबकतंय, हा विचार मी पुढे केला नाही.

दोन सूचना करून थांबतो.

एक, आपल्या पार्किंगमधलं पाणी कुठे जातं, ते बघा. पावसाची गटारं आपण बोअरवेलच्या शोषखड्ड्याला जोडली आहेत. म्हणजे तेलकट पाणी सोडलं तर ते आपल्याच पाण्यात जाणार. म्हणून गाडीखाली जुना पत्र्याचा ट्रे ठेवा, त्यात चिंध्या पसरा. तेलकट चिंध्या ओल्या कचऱ्यात नकोत, गॅरेजवाल्याकडे द्या.

दुसरी, आता आपल्याकडे चार्जिंगच्या गाड्याही आल्या आहेत. त्यांच्या बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड वायर असतात. त्यात फार मोठा विद्युतदाब असतो. तिथे आपलं हे शास्त्र चालवू नका. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

आज पार्किंगमध्ये गाड्या लावायला जागा नाही, आणि १०८ एका फोनवर येते. तरीही रात्री दोनला दार वाजलं तर आपली गाडी सुरू व्हावी, एवढं शेजारधर्म म्हणून मी बघतो. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी खाली असेन. ट्रे माझा, ब्रशही दोन-तीन जास्तीचे आहेत. ज्यांना शिकायचंय त्यांनी जुने कपडे घालून यावं. चहा सौ. देणार आहे, तिला मी अजून विचारलेलं नाही.