पावसातली धावपट्टी

सिंधुदुर्गातल्या चिपीच्या सड्यावर अडीच किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. आषाढात समुद्रावरून सर आली की बघता बघता समोरचं दिसेनासं होतं. अशा वेळी उतरणाऱ्या वैमानिकाला वाऱ्याची दिशा आणि वेग, दृश्यमानता, ढगांची उंची, हवेचा दाब कळावा लागतो. आणि धावपट्टीची स्थितीही. तिचे तीन भाग धरून प्रत्येकाला ० ते ६ असा अंक देतात. कोरडी असेल तर ६, ओली असेल तर ५. पाणी ३ मिलिमीटरहून जास्त साचलं, तर थेट २! साचलेल्या पाण्यावर चाकं तरंगू शकतात, ब्रेक नीट लागत नाहीत. म्हणून विमान घिरट्या घालत राहिलं किंवा दुसरीकडे वळवलं, तर चिडू नका. तो निर्णय तुमच्या सुरक्षिततेसाठीच असतो.