दोष यंत्राचा की क्रमांकाचा?

जुन्या संगणकात नवा मोडेम बसवावा आणि कालपर्यंत चालणारा माउस जागीच थिजावा, असे घडले की दोष यंत्राच्या वयास दिला जातो. पुष्कळदा तो तेथे नसतो.

१९८४ च्या आयबीएम पीसी-एटीच्या घडणीत प्रोसेसरला हाक देण्यासाठी ० ते १५ क्रमांकांच्या सोळाच वाटा होत्या. पुढील कित्येक वर्षे तीच घडण चालली. माउस बहुधा पहिल्या सीरियल पोर्टवर असे. त्याची वाट ४. तिसऱ्या पोर्टचीही वाट तीच, आणि मोडेम अनेकदा नेमका तोच पोर्ट घेई. विंडोज ९५ ने क्रमांक आपोआप वाटण्याची सोय आणली. तरी जम्परने क्रमांक ठरणारी जुनी कार्डे तिला जुमानीत नसत.

उपाय धीराचा आहे. वीज तोडून जादा कार्डे काढावीत. मग एकेक बसवून यंत्र चालवून पाहावे. ज्या कार्डासवे बिघाड परततो, त्यास मोकळा क्रमांक द्यावा.

सांवेरच्या एखाद्या शाळेने असे यंत्र भंगारात धाडण्यापूर्वी एक दुपार एवढे करून पाहावे. दोन्ही भाग निर्दोष असतील, तर मुलांच्या वाट्याचे यंत्र वाचेल.