मास्तरांची पारख आणि मुलांची साक्ष

मूल शाळेतून घरी आले, की आपण विचारतो, "काय रे, बाई कशा शिकवतात?" मूल म्हणते "छान!", नाही तर तोंड वाकडे करते. तेवढ्यावर आपण बाईंची पारख करून मोकळे होतो. कुणी तर मुलाची शाळाही बदलतो. या कोवळ्या मतावर विसंबावे तरी किती?

सोलापूरची भवानी पेठ घ्या. विणकरांची ही वस्ती. इथल्या पुष्कळ घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि यांतली काही मुले मराठी शाळेत जातात. असे सात वर्षांचे मूल वर्गात गप्प बसते. "बाई चांगल्या आहेत का?" असे विचाराल, तर बाईंची माया आठवून ते 'हो' म्हणेल. त्यातून शिकवण्याचे काहीच कळले नाही! पण असे विचारून पाहा: "तुला समजले नाही, हे बाईंच्या ध्यानात येते का? मग त्या पुन्हा सांगतात का? वहीतली चूक दाखवतात का?" ही रोज डोळ्यांदेखत घडणारी गोष्ट आहे, मूल ती सांगू शकते.

अमेरिकेत २००९ पासून तीन वर्षे सुमारे तीन हजार शिक्षकांच्या कामाची पाहणी झाली. चौथी ते नववीच्या मुलांना वर्गात काय घडते ते विचारले. मुलांची उत्तरे आणि त्या वर्गांची प्रगती यांचा काही मेळ दिसला. तरीही केवळ त्या उत्तरांवर निवाडा करू नये, प्रत्यक्ष पाठ पाहावा आणि मुलांची प्रगतीही तपासावी, असेच अभ्यासकांनी सांगितले.

उलट, २०१९ साली हार्वर्ड विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या विद्यार्थ्यांना स्वतः गणिते सोडवायला लावली, ते अधिक शिकले. पण 'आपण कमी शिकलो' असेच त्यांना वाटले. रंगलेले व्याख्यान त्यांना अधिक लाभाचे वाटले! थोरांची ही गत, तर पोरांचे काय?

शिक्षक बंधुभगिनींनो, शनिवारी मुलांकडून नाव न घालता चिठ्ठी घ्या: "या आठवड्यात काय समजले नाही?" लिहिता न येणाऱ्याला जवळ बसवून, त्याच्या बोलीत विचारा. आणि पालकहो, मुलाचे ऐकाच, पण शेजारी त्याची वही उघडून ठेवा. मुलाने दिलेली साक्ष मोलाची आहे. निवाड्याचे ओझे मात्र आपणच उचलायचे.