चालत्या यंत्राची नाडी

मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. मुंबई-हावडा मार्गावरची ही आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली स्थानके. सिग्नलमध्ये क्षणभर बिघाड झाला, तर त्याचे कारण शोधायला चालू यंत्रणा खोलून बसता येत नाही. गाड्या तर येतच असतात. म्हणून रेल्वेच्या अनेक स्थानकांत 'डेटा लॉगर' नावाची पेटी असते. सिग्नलचा कोणता रिले कधी उचलला, कधी पडला, याची ती वेळेसह नोंद ठेवते. ती जोडतात रिलेच्या मोकळ्या, कामात नसलेल्या कॉन्टॅक्टला. त्यामुळे पेटी बंद पडली, तरी सिग्नलचे काम अडत नाही.

जिथे उत्तर ठरलेल्या वेळेतच यावे लागते, अशा संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये हेच काम अधिक नाजूक होते. तपासणीसाठी त्याला थांबवले की वेळेचे गणितच बदलते. एक ओळ छापायला सांगितली, तरी तेवढ्या विलंबाने चूक दडून बसू शकते. डॉक्टर दारात येताच ताप उतरावा, तसे!

४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. तिथे संदेश पोहोचायलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. पण यानाच्या प्रोग्रॅममध्ये घडामोडी टिपून ठेवणारी सोय मुळातच होती. चाचण्यांनंतर ती मुद्दामच काढली नव्हती. जे तपासले, तेच उडवायचे, हा अभियंत्यांचा नियम. त्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तीच कामे सतत चालवली. बिघाड पुन्हा घडला, आणि नोंदींतून उलगडा झाला. हवामानाच्या नोंदीचे दुय्यम काम सामायिक साधन धरून बसले होते. मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती. परिणामी सर्वांत तातडीचे काम ताटकळे आणि पहारेकरी व्यवस्था संगणक नव्याने सुरू करी. साधन अडवणाऱ्या कामाला तात्पुरता वरचा दर्जा देणारी सोय इथूनच सुरू करण्यात आली आणि बिघाड थांबला.

यंत्र सुरळीत चालू असताना अशी नोंदवही फालतू खर्च वाटते. पण बिघाड झाल्यावर ती बसवायला गेलो, तर घडून गेलेला क्षण परत मिळत नाही. ती पहिल्या दिवसापासून असावी लागते.