जिला त्रास होतोय, तिलाच विचारा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



कर्ज आणि परतफेडीचा विषय सीआरपी ताई घेतीलच. मला थोडा वेळ दुसऱ्या एका हिशेबावर बोलायचंय. आपल्या एका गटातल्या ताईंची मुलगी पुण्यात ईएमटीचा कोर्स करतेय. ईएमटी म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. अपघात झाला, कोणी अचानक पडलं, तर दवाखान्यात पोचेपर्यंत रुग्णाला सांभाळण्याचं हे शिक्षण. मी तिला विचारलं, आधी काय शिकवलं? मला वाटलं सलाईन, ऑक्सिजन असं काही सांगेल. ती म्हणाली, "ताई, आधी रुग्ण तपासायचा क्रम शिकवला. काय बघायचं, काय मोजायचं, काय विचारायचं."

हे ऐकायला सोपं वाटतं. पण गावात काय होतं बघा. कोणी पडलं की वीस माणसं भोवती जमतात. एक पाणी पाजतो, एक कांदा हुंगवतो, एक गाडी शोधायला पळतो. श्वास चालू आहे का, हे मात्र कोणीच बघत नाही.

खरं तर बघायची नजर आपल्याकडं आहे. ज्यांच्याकडं शेळ्या आहेत त्यांनी सांगा, शेळी आजारी आहे हे कसं कळतं? ती रवंथ करत नाही, कळपापासून बाजूला उभी राहते, कान पाडते. शेळी बोलत नाही, तरी तुम्हाला कळतं. हीच नजर माणसाकडं वळवायची, फक्त क्रमानं. आपण गटाचं रजिस्टर रकान्या-रकान्यानं भरतो, तसंच.

पहिला रकाना, जागा. आपल्याला तिथं धोका आहे का? मोटारीचा शॉक लागलेल्या माणसाला हात लावायच्या आधी वीज बंद करायची. भिगवण-इंदापूरच्या हायवेवर अपघात झाला तर आधी मागून येणाऱ्या गाड्या बघायच्या. वाचवायला गेलेलीच पडली, तर रुग्ण दोन होतात.

दुसरा रकाना, शुद्ध. ती आपणहून बोलते का? नाही तर हाक मारल्यावर? नाही तर खांदा जोरात दाबल्यावर? की कशालाच प्रतिसाद नाही? या चार पायऱ्या आहेत. पूर्ण शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी अजिबात पाजायचं नाही, ते श्वासनळीत जातं.

तिसरा रकाना, श्वास आणि रक्त. छाती वर-खाली होते का बघायचं. मोठ्या माणसाचे शांत बसल्यावर मिनिटाला १२ ते २० श्वास असतात, नाडी ६० ते १०० असते. मोबाईलच्या घड्याळावर पूर्ण मिनिट मोजायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरायचं. प्रतिसाद नाही आणि श्वासही नाही, तर लगेच १०८ लावायला सांगून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायचा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

चौथा रकाना, विचारणं. काय होतंय, कधीपासून? कुठल्या गोळ्या चालू आहेत? आधीचं दुखणं? शेवटचं काय खाल्लं? हे व्हायच्या आधी काय चाललं होतं? शितावरून भाताची परीक्षा होते, माणसाची होत नाही. गाळप हंगामात ऊसतोडीची कुटुंबं कोपीत जमिनीवर झोपतात. पहाटे कोणाच्या पोटात दुखायला लागलं, तर घरचे म्हणतात, काहीतरी बाधलं असेल. पण मण्यार बहुतेकदा रात्री झोपेत चावते. दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. म्हणून विचारायचं, रात्री कुठं झोपला होता? पापण्या जड झाल्यात का, गिळता येतंय का ते बघायचं. तसं असेल तर मांत्रिक नाही, ओवा नाही, थेट दवाखाना.

आता मला जे खास सांगायचंय ते. त्या मुलीनं सांगितलं, रुग्ण बोलू शकत असेल तर उत्तर रुग्णाकडूनच घ्यायचं, असं त्यांना बजावलेलं असतं. मैत्रिणींनो, आपल्या घरात असं होतं का? सुनेला काय होतंय ते सासूबाई सांगतात, बायकोचं नवरा सांगतो. आणि ती स्वतः म्हणते, "काही नाही, पित्त झालंय." हार्ट अटॅकमध्ये बहुतेकदा छातीत दुखतं, पण बायकांमध्ये बऱ्याचदा दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, दरदरून घाम येणं असंही होतं. त्याला आपण पित्त म्हणतो आणि भाकरी थापत बसतो. गरोदर बाईचं डोकं सारखं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, तरी ती कामाचाच ताण समजते. शेळीनं रवंथ सोडलं तर आपण डॉक्टरला फोन करतो. आपल्या स्वतःच्या दुखण्याला मात्र कोणी बघत नाही, आणि आपणही सांगत नाही.

कमी शिकलेल्या बायकांना हे जमेल का, असं कोणी म्हणेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना बाळं तपासायला शिकवलं. ज्या दायांना मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधं साधन केलं. या आरोग्यदूत बायकांच्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळाच्या घरी येऊन श्वास मोजतात, ती पद्धत त्याच कामातून पुढं आली. तुम्हीही लक्षात ठेवा, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास असतील, तर वाट बघायची नाही.

शेवटचा रकाना, सांगणं. १०८ ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, फोन आणि गाडी दोन्ही मोफत. फोनवर रडत "लवकर या" म्हणून भागत नाही. गाव, वस्ती, जवळची खूण सांगायची, आणि आपल्या रकान्यांतलं सगळं सांगायचं. त्रास किती वाजता सुरू झाला तेही. लकव्यात तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. गुठळी विरघळवायचं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून ती वेळ लिहून ठेवा. अनोळखी जखमीला मदत केली तर पोलिसांचा त्रास होईल, ही भीती सोडा. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

हे सगळं डॉक्टर होण्यासाठी नाही. रोग ओळखणं आणि औषध देणं त्यांचं काम आहे. आपण बघायचं, मोजायचं, विचारायचं आणि नीट सांगायचं.

माझी एकच विनंती आहे. पुढच्या बैठकीत बचत जमा झाल्यावर दहा मिनिटं काढा. जोडीजोडीनं एकमेकींची नाडी आणि श्वास मोजा. मग समोरच्या मैत्रिणीला विचारा, तुला काय होतंय? ती "काही नाही" म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा.